विद्यापीठातील वर्षे आणि जाहिरात क्षेत्राची तयारी

वैद्यकीय व्यवसायात किंवा वकिलीत शिरण्यासाठी ठरावीक पदवी आणि परवाना लागतो. जाहिरात क्षेत्राला अशी अट नाही. साहित्य, गणित, समाजशास्त्र, चित्रकला, अभियांत्रिकी अशा कोणत्याही शाखेतून आलेली माणसे एकाच एजन्सीत शेजारी बसून काम करताना दिसतात. या मोकळिकीचा विद्यार्थी अनेकदा चुकीचा अर्थ लावतात. पदवी हाती पडेपर्यंत थांबावे, मग अर्ज करावेत आणि पुढचे सगळे नोकरीत शिकावे, असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात पदवीची अट नसल्यामुळेच एजन्सी उमेदवाराकडे वेगळा पुरावा मागते. समोर ठेवलेल्या अडचणीचा तुम्ही कसा विचार करता आणि त्या विचारातून पूर्ण झालेले काम कसे उभे करता, हे तिला पाहायचे असते. असा पुरावा तयार करायला सलग वेळ लागतो, निरनिराळ्या विषयांत मुरलेली माणसे लागतात आणि चुकण्याची मुभा लागते. या तिन्ही गोष्टी विद्यापीठात जितक्या सहज एकत्र मिळतात, तितक्या नोकरीत सहसा मिळत नाहीत.

आधी कामाचे स्वरूप ओळखा

‘मला जाहिरातीत जायचे आहे’ असे म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न हमखास विचारला जातो: कोणत्या कामासाठी? क्लायंट सर्व्हिसिंगमधली माणसे क्लायंट कंपनी आणि एजन्सी यांच्यातील दुवा असतात. वेळापत्रक, खर्च आणि मंजुऱ्या त्यांच्याच हातून पुढे सरकतात. स्ट्रॅटेजी किंवा प्लॅनिंग विभाग लोकांचा आणि बाजाराचा अभ्यास करून जाहिरातीने नेमके काय साधायचे, ते ठरवतो. क्रिएटिव्ह विभागात कॉपीरायटर (मजकूर लिहिणारा) आणि आर्ट डायरेक्टर (दृश्य मांडणी ठरवणारा) कल्पना काढतात. ती कल्पना कोणत्या माध्यमातून, किती वेळा आणि किती खर्चात पोहोचवायची, याचे गणित मीडिया प्लॅनर मांडतो. शिवाय प्रॉडक्शन हाउस, बाजार संशोधन संस्था आणि कंपन्यांचे स्वतःचे मार्केटिंग विभाग आहेतच.

ही विभागणी कशी घडत गेली, ते माहीत असले तर कामाचे मर्म लवकर कळते. एके काळी बहुतेक एजन्सींत लेखक मजकूर लिहून तो चित्रकारांच्या विभागाकडे पाठवून देत असे आणि तिथे त्याचे काम संपत असे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीत बिल बर्नबाख यांनी लेखक आणि आर्ट डायरेक्टर यांना जोडीने काम करायला बसवले. या एजन्सीने फोक्सवॅगनसाठी १९५९ मध्ये केलेली ‘थिंक स्मॉल’ ही जाहिरात पाहिली की जोडीने काम करण्याचा फायदा लगेच दिसतो. मोठ्या मोटारींचे आकर्षण असलेल्या अमेरिकी बाजारात आर्ट डायरेक्टर हेल्मुट क्रोन यांनी पानाचा बहुतेक भाग कोरा ठेवून त्यावर चिमुकली मोटार मांडली आणि ज्युलियन कोनिग यांच्या मजकुराने तो लहान आकारच गुण म्हणून पुढे केला. त्यातील चित्र झाकले तर शब्द अपुरे पडतात आणि शब्द झाकले तर चित्र कोड्यात टाकते. प्लॅनिंग हा स्वतंत्र विभाग त्यानंतरचा. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्सन या एजन्सीत स्टीफन किंग यांनी आणि बोस मासिमी पॉलिट या एजन्सीत स्टॅनली पॉलिट यांनी तो उभा केला, तो ग्राहकाची बाजू मांडणारे कोणीतरी प्रत्येक चर्चेत हजर असावे म्हणून.

पहिल्या वर्षी यांपैकी एक विभाग पक्का करण्याची घाई करू नये. त्याऐवजी एकच उत्पादन घेऊन प्रत्येक भूमिकेतून त्यावर थोडे काम करून पाहावे: त्याच्या ग्राहकांविषयी दोन पानांचे टिपण लिहावे, त्यासाठी काही हेडलाइन लिहाव्यात, मर्यादित रकमेचे माध्यमांत वाटप करून पाहावे, आणि हे सगळे तीन मित्रांसमोर क्लायंटपुढे मांडावे तसे मांडावे. यांतले कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही आणि कोणते टाळावेसे वाटते, याची प्रामाणिक नोंद ठेवली, तर दुसऱ्या वर्षापर्यंत आपला कल बऱ्यापैकी स्पष्ट होतो.

विषय निवडताना

जाहिरात शिकवणारे वर्ग असतील तर ते जरूर करावेत, कारण तिथे व्यवसायाची भाषा आणि रीत कळते. मात्र निवडीची संधी असेल तर तिचा मोठा भाग माणसांविषयी आणि पुराव्यांविषयी शिकवणाऱ्या विषयांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येते आणि दर काही वर्षांनी ते बदलतेच. लक्ष, स्मरण आणि सवय यांविषयी मानसशास्त्र जे सांगते, वर्ग, कुटुंब आणि प्रतिष्ठा यांविषयी समाजशास्त्र जे सांगते, ते मात्र नोकरीच्या धावपळीत पहिल्यापासून शिकायला कोणालाही सवड मिळत नाही. साहित्याच्या वर्गात एखादा संवाद खरा का वाटतो आणि एखादे वाक्य कुठे लांबते, हे ओळखण्याची सवय लागते. पुढे तीस सेकंदांची स्क्रिप्ट लिहिताना ही सवय रोज उपयोगी पडते.

संख्याशास्त्राचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो, कारण लिहिणारे आणि चित्र काढणारे विद्यार्थी याच विषयापासून दूर पळतात. समजा, पावसाळ्याच्या तोंडावर एका छत्रीच्या ब्रँडची जाहिरात झळकली आणि पुढच्या महिन्यात विक्री दुप्पट झाली. हे यश जाहिरातीचे की पावसाचे? उत्तर देण्यासाठी मागच्या वर्षी याच महिन्यात किती विक्री झाली होती, जाहिरात न दाखवलेल्या भागांत किती झाली, स्पर्धक ब्रँडची विक्रीही वाढली का आणि याच काळात किंमत उतरवली होती का, हे पाहावे लागते. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, ही समज ज्याच्या अंगवळणी पडली, त्याचे म्हणणे क्लायंटच्या बैठकीत वेगळ्या आदराने ऐकले जाते. ही गरज डिजिटल जाहिरातींमुळे निर्माण झालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकी जाहिरात लेखक क्लॉड हॉपकिन्स वेगवेगळ्या जाहिरातींत खुणा केलेली कुपन छापून कोणत्या जाहिरातीला किती प्रतिसाद आला, ते मोजत असत. डेव्हिड ऑगिल्वी यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढण्यापूर्वी जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज गॅलप यांच्या संशोधन संस्थेत काम केले होते, आणि त्याआधी स्वयंपाकाच्या शेगड्या दारोदार जाऊन विकल्या होत्या. लोकांना मोजणे आणि लोकांशी समोरासमोर बोलणे, असे दोन्ही अनुभव त्यांच्या लिखाणामागे होते. नमुना निवड, सरासरीचे फसवेपण, सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक आणि साध्या प्रयोगाची रचना, एवढे संख्याशास्त्र आले तरी सुरुवातीला पुरते.

माणसे पाहण्याची सवय

विद्यापीठात वेगवेगळ्या घरांतून, आर्थिक स्तरांतून आणि भाषांतून आलेली माणसे एकाच आवारात राहतात. पुढे इतकी विविधता अभ्यासण्यासाठी एजन्सीला संशोधन संस्थेला पैसे द्यावे लागतात. या संधीचा उपयोग कसा करावा, हे समजण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी आहे.

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील दूध प्रक्रियादारांच्या मंडळासाठी गुडबी सिल्व्हरस्टीन या एजन्सीने ‘गॉट मिल्क?’ ही मोहीम केली. दूध आरोग्याला चांगले असते हे लोकांना आधीपासून ठाऊक होते आणि तरीही दुधाचा खप घसरत होता; म्हणजे आरोग्याचा मुद्दा पुन्हा सांगून काही साधणार नव्हते. एजन्सीने संशोधनात सहभागी झालेल्यांना एक आठवडा दुधाशिवाय राहायला सांगितले आणि मग त्यांचे अनुभव ऐकले. दूध घरात असते तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि दुधासोबतच खायचा पदार्थ समोर असताना ते संपलेले असले की मात्र फार चुकल्यासारखे होते, हे त्यातून हाती आले. संपूर्ण मोहीम या अभावावर उभी राहिली.

या उदाहरणातून विद्यार्थ्याने प्रश्न विचारण्याची रीत उचलावी. ‘तुम्हाला दूध का आवडते?’ असे विचारले असते तर पाठ्यपुस्तकी उत्तरे आली असती. तेव्हा आपणही ‘हे ॲप तुम्ही वापराल का?’ असे विचारू नये. ‘शेवटचे कधी वापरले, तेव्हा नेमके काय झाले, त्याच्या आधी काय करत होता?’ असे विचारावे. पुढे काय करू याविषयी माणसे उदारपणे बोलतात, पण काल काय केले याविषयी बरीच नेमकी माहिती देतात. ग्रंथालयात लोक जागा कशी निवडतात, सूचनाफलकासमोर कोण थांबते आणि कोण न पाहता निघून जाते, फोनवर जाहिरात आली की बोट किती लवकर पुढे सरकते, हे सगळे एका वहीत लिहून ठेवावे. ऐकलेली वाक्ये लिहिताना ती सुधारू नयेत. बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा ठेवावा, कारण चांगल्या हेडलाइनचा धागा पुष्कळदा अशा अडखळत्या वाक्यातच सापडतो. कोणाचे बोलणे प्रकल्पात वापरायचे असेल तर त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि नाव गाळावे.

जाहिरात उलटी वाचणे

जाहिराती भरपूर पाहून जाहिरात येत नाही. एजन्सीतले काम ब्रीफपासून, म्हणजे जाहिरातीने कोणाला काय सांगायचे हे ठरवणाऱ्या छोट्या टिपणापासून, सुरू होते आणि जाहिरातीपर्यंत पोहोचते. विद्यार्थ्याने तयार जाहिरात हातात घेऊन ब्रीफपर्यंत मागे जावे. आठवड्यातून एक जाहिरात निवडावी आणि ती समोर ठेवून एका पानात लिहावे: ही कोणासाठी आहे, ती व्यक्ती आत्ता काय मानते, तिने काय मानावे असे कंपनीला वाटते, त्यासाठी सांगितलेली एकच गोष्ट कोणती आणि त्यावर विश्वास ठेवायला कोणता आधार दिला आहे.

भाड्याने मोटारी देणाऱ्या एव्हिस या कंपनीची १९६२ मधील मोहीम या सरावासाठी उत्तम आहे. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून आम्ही जास्त मेहनत घेतो, असे कंपनीने उघड सांगितले. त्यामागचे ब्रीफ लिहायला बसले की लक्षात येते, की कमीपणाची कबुली हाच इथे विश्वासाचा आधार आहे. आपण मागे आहोत हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्या पुढच्या वाक्यावर शंका घेणे कठीण जाते. त्याच वेळी हे वचन पाळण्याचा भार कंपनीच्या प्रत्येक कर्मचाऱ्यावर पडतो, हेही दिसते. मोटार अस्वच्छ निघाली तर जाहिरातच खोटी ठरते. इतका विचार एका ओळीमागे असू शकतो, हे स्वतः उलगडून पाहिल्याखेरीज पटत नाही.

फसलेल्या वाटणाऱ्या जाहिरातींवरही हाच सराव करावा. अनेकदा दोष मांडणीत नसतो. एका जाहिरातीत चार गोष्टी कोंबायला सांगणाऱ्या ब्रीफमध्ये असतो. जोडीला परिणामकारकतेसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांची प्रकरणे वाचावीत. १९६८ मध्ये सुरू झालेले एफी पुरस्कार आणि ब्रिटनमधील जाहिरात व्यावसायिकांच्या आयपीए या संस्थेने १९८० मध्ये सुरू केलेले पुरस्कार जाहिरातीने प्रत्यक्षात काय घडवले, याचा पुरावा मागतात, त्यामुळे त्यांच्या प्रवेशिकांत अडचण, विचार आणि मोजणी यांची साखळी सलग वाचायला मिळते.

आवारातच क्लायंट शोधा

कल्पित उत्पादनांवरचे काम कौशल्य वाढवते, पण त्यात कोणी ‘नाही’ म्हणत नाही. खरा क्लायंट मजकूर बदलायला सांगतो, आयत्या वेळी तारीख पुढे ढकलतो, स्वतःचे बोधचिन्ह मोठे करून मागतो, आणि तरीही काम वेळेत द्यावे लागते. असे क्लायंट आवारातच असतात. नाट्यमंडळाला रिकाम्या खुर्च्या भरायच्या असतात, ग्रंथालयाला कोणी न वापरलेली सेवा लोकांना माहीत करून द्यायची असते, समुपदेशन केंद्राला विद्यार्थ्यांचा संकोच घालवायचा असतो, रक्तदान शिबिराला पहिल्यांदाच रक्त देणारे हवे असतात.

यांतले एक काम घ्यावे आणि ते एजन्सीच्या शिस्तीने करावे. पोस्टर काढून द्या अशी मागणी आली, तर लगेच संगणक उघडू नये. लोक का येत नाहीत, हे आधी विचारावे. समुपदेशन केंद्राचे उदाहरण घेतले तर कारण माहितीचा अभाव असेल, आपल्याला कोणी आत जाताना पाहील ही भीती असेल, किंवा आपला त्रास तिथे जाण्याइतका मोठा नाही असा समज असेल. तिन्हींची जाहिरात पूर्णपणे वेगळी होईल, आणि भीतीच्या बाबतीत तर प्रवेशद्वाराची जागा बदलणे किंवा संदेशावर वेळ ठरवण्याची सोय करणे हे कोणत्याही पोस्टरपेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल. असे सांगण्याचे धाडस करावे. चांगली एजन्सी क्लायंटला हेच सांगते. मग ब्रीफ लिहून त्यावर केंद्राच्या प्रमुखांची संमती घ्यावी, दोन-तीन पर्याय मांडावेत, एकावर काम करावे आणि मोहिमेच्या आधीचे व नंतरचे आकडे नोंदवावेत. आकडे निराशाजनक असले तरी ते जपावेत. ‘अपेक्षेइतका प्रतिसाद आला नाही, कारण संदेश परीक्षेच्या आठवड्यात गेला, पुन्हा केले तर महिनाभर आधी सुरू करू’ असे म्हणणारा उमेदवार मुलाखतीत फार विश्वासार्ह वाटतो.

हे काम एकट्याने करू नये. लिहिणाऱ्याने दृश्यकला किंवा डिझाइन विभागातला जोडीदार शोधावा आणि चित्र काढणाऱ्याने लिहिणारा शोधावा. जोडीदार निवडताना कौशल्याइतकेच हेही पाहावे, की तो तुमची कल्पना नाकारताना कारण देतो का आणि स्वतःची नाकारली गेल्यावर पुन्हा कामाला लागतो का. विद्यापीठात जमलेल्या जोड्या कधी कधी एकत्रच नोकरीला लागतात, आणि तसे झाले नाही तरी टीका ऐकण्याची सवय सोबत येते.

पोर्टफोलिओ

क्रिएटिव्ह विभागासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संग्रह, अनिवार्य आहे. स्ट्रॅटेजी आणि मीडियासाठी त्याची सक्ती सहसा नसते, पण दोन-तीन प्रकरणे नीट लिहून नेली तर उमेदवार लगेच वेगळा दिसतो. त्यात कामे थोडी असावीत. चार किंवा पाच चांगल्या मोहिमा पुरतात, कारण पाहणारा सर्वांत कच्च्या कामावरून तुमची पारख करतो. प्रत्येक मोहिमेत एक कल्पना निरनिराळ्या माध्यमांत कशी वाढते, हे दिसावे. एकच लेआउट तीन आकारांत दाखवणे म्हणजे मोहीम नव्हे. खेळाचे बूट, महागड्या मोटारी अशा आधीच आकर्षक असलेल्या उत्पादनांपेक्षा कुलूप, विमा, बॅटरी, कपडे धुण्याची पावडर अशी नीरस वाटणारी उत्पादने निवडावीत. त्यांत कल्पनेला आयता आधार मिळत नाही, आणि म्हणूनच कल्पना असेल तर ती ठळक दिसते.

सुरुवात जाड पेनाने कागदावर करावी. कल्पना साध्या रेघांतून आणि एका ओळीतून कळत नसेल, तर सफाईदार चित्राने ती वाचणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी सुबक चित्रे आता कोणालाही मिनिटांत काढता येतात, त्यामुळे या सुबकपणाचे मोल घटले आहे आणि विचाराचे वाढले आहे. अशी साधने वापरली असतील तर ती कुठे वापरली, ते स्पष्ट लिहावे. गटात केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हेही प्रत्येक ठिकाणी नमूद करावे.

विषय सुचत नसतील तर विद्यार्थ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची ब्रीफ घ्यावीत. डी अँड एडी या संस्थेची न्यू ब्लड आणि वन क्लब या संस्थेची यंग वन्स या स्पर्धा खऱ्या ब्रँडच्या ब्रीफवर काम करायला लावतात. प्रवेशिका भरता आली नाही तरी त्या ब्रीफवर ठरलेल्या मुदतीत काम पूर्ण करणे हा सराव मोलाचा आहे.

दावे लिहिताना एक पथ्य पाळावे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने जाहिरातींसाठी पहिली आचारसंहिता १९३७ मध्ये काढली आणि आज अनेक देशांत अशा संहिता लागू आहेत. विद्यार्थ्याचे काम कोणी तपासणार नसले, तरी ज्याला आधार देता येणार नाही असा दावा पोर्टफोलिओत ठेवू नये. खरी गोष्ट रोचक करून सांगता येणे हेच तर या व्यवसायाचे कौशल्य आहे.

इंटर्नशिप आणि शेवटचे वर्ष

इंटर्नशिपसाठी अर्ज करताना सर्वांना एकच पत्र पाठवू नये. त्या एजन्सीचे एखादे काम निवडावे, ते का आवडले हे दोन वाक्यांत नेमकेपणाने सांगावे आणि सोबत आपले एकच सर्वोत्तम काम जोडावे. जागा मिळाली की किरकोळ कामे वाट्याला येणारच, पण प्रत्येक कामामागचे ब्रीफ वाचायला मागावे आणि अंतर्गत चर्चांना मागे बसून ऐकण्याची परवानगी घ्यावी. एखादी कल्पना का बाद झाली, हे ऐकण्यात मोठे शिक्षण आहे. तिथले प्रसिद्ध न झालेले काम परवानगीशिवाय आपल्या पोर्टफोलिओत टाकू नये. मोबदला, कामाचे तास आणि कालावधी आधी लेखी ठरवून घ्यावेत. पूर्ण वेळचे काम महिनोन्‌महिने विनामूल्य करून घेणाऱ्या जागेला नकार द्यायला संकोचू नये.

शेवटच्या वर्षात नवे काम कमी आणि जुन्याची डागडुजी जास्त करावी. व्यवसायातल्या व्यक्तीला पोर्टफोलिओ दाखवताना ‘कसा वाटला?’ असे विचारले तर गुळमुळीत कौतुक मिळते. ‘यांतले कोणते काम काढून टाकाल आणि का?’ असे विचारावे. दोन वेगळ्या व्यक्तींनी एकाच कामावर बोट ठेवले तर ते काढावे, कितीही लाडके असले तरी. मग सुधारलेली आवृत्ती आठवड्याभरात त्याच व्यक्तीला पाठवावी आणि तिच्या कोणत्या सूचनेमुळे काय बदलले, ते दोन ओळींत कळवावे. आपल्या सल्ल्यावर खरोखर काम झालेले पाहण्याची संधी अशा व्यक्तींना क्वचितच मिळते, आणि जागा रिकामी झाली की पाठपुरावा करणारे हेच नाव त्यांना आधी आठवते.